सुट्टी मिळाल्यानंतरचं वर्ष: गोळ्यांचा डबा, रजेचे अर्ज आणि घर

पुनर्वसन केंद्रातून मला २८ ऑक्टोबर २०२३ रोजी सुट्टी मिळाली. भरती होण्याबद्दल, उपचारांबद्दल हल्ली बऱ्यापैकी लिहिलं जातं. बाहेर आल्यावर काय करायचं याबद्दल मात्र मला तेव्हा शोधूनही फारसं सापडलं नव्हतं, आणि जे सापडलं ते ‘सकारात्मक राहा’ छापाचं. म्हणून नंतरच्या काळात काय कामाला आलं आणि काय आडवं आलं ते कागदपत्रांसकट लिहिते आहे. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी मॅनिया (अनावर उत्साह आणि कमी झोप), तर कधी खोल नैराश्य. दुसरा आजार असेल तर बरेच तपशील बदलतील, औषधं तर नक्कीच. औषधांबद्दल इथे जे आहे ते माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आधीचं थोडक्यात. जून २०२३ च्या शेवटी मॅनिया इतका चढला की हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात भरती करण्यावाचून घरच्यांपुढे पर्याय नव्हता. मी तयार नव्हते. त्यामुळे ती भरती मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली झाली आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा माणूस) म्हणून नवऱ्याने सही केली. या कलमाखाली ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं. त्यापुढे कलम ९० ची जास्त कडक प्रक्रिया आहे. ती वेळ आली नाही. महिना भरायच्या आत मी भानावर आले होते आणि पुढच्या कागदांवर मीच सही केली. पण मॅनिया उतरला तो मला थेट तळाला घेऊन गेला. अंघोळ, बोलणं, वाचणं, सगळं बंद. डॉक्टर म्हणाले, घरी नेण्याआधी काही आठवडे पुनर्वसन केंद्रात ठेवा. महिना ३५ हजार, औषधं वेगळी. ऑगस्टच्या सुरुवातीला मी तिथे गेले.

केंद्राने माझं भलंच केलं, हे आधी सांगते, कारण पुढे थोडी तक्रार आहे. सकाळी घंटा, मग व्यायाम, मग काम, मग गटचर्चा. दिवसाला आकार आला आणि त्या आकारात मी हळूहळू बसत गेले. मात्र तिथे काहीही माझ्या हातात नव्हतं. गोळी सिस्टर तळहातावर ठेवायच्या, गिळली की तोंड उघडून दाखवायचं. फोन, पैसे, कपाटाची किल्ली, सगळं ऑफिसात जमा. घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही समोर कुणीतरी बसलेलं असताना. (कायद्याच्या कलम २६ मध्ये भेटीगाठींचा आणि फोनवर बोलण्याचा हक्क लिहिलेला आहे, हे मला बाहेर आल्यावर कळलं. भरती करण्याआधी नातेवाइकांनी ते जरूर विचारावं.) इतके आठवडे आपलं सगळं दुसऱ्याच्या ताब्यात राहिलं की ते आपल्याला परत कसं, कुणाकडून आणि कोणत्या क्रमाने मिळणार हा खरा प्रश्न होतो. एका झटक्यात सगळं अंगावर पडलं तरी माणूस कोसळतो, आणि काहीच परत दिलं नाही तर तो बरा होऊनही पेशंटच राहतो. माझ्या वर्षातल्या बहुतेक बऱ्यावाईट गोष्टी या एका प्रश्नाशी येऊन ठेपतात.

सुट्टीच्या कागदावर पहिल्यांदा जे लिहून दिलं होतं ते असं: ‘औषधे नियमित घ्यावीत. ताणतणाव टाळावेत. पुढील तपासणी एक महिन्याने.’ हॉस्पिटलमधल्या समाजसेविका ताई तोवर आमच्या संपर्कात होत्या. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की असं चालणार नाही. कायद्याच्या कलम ९८ मध्ये डिस्चार्ज प्लॅनिंग आहे: सुट्टी देताना मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी, नामनिर्देशित प्रतिनिधीशी, ज्याच्याबरोबर रुग्ण राहणार त्याच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून योजना ठरवायची असते. नवऱ्याने केंद्रात हे शांतपणे सांगितलं. थोडी कुरबूर झाली, पण बैठक लागली. ताईंनी सासूबाईंनाही बोलवायला लावलं, कारण दिवसभर घरी माझ्याबरोबर त्याच असणार होत्या. तासाभरात ठरलं ते सगळं साधं होतं, पण ठरलं: गोळ्या कोण देणार, रात्री काही झालं तर पहिला फोन कुणाला, मुलाच्या शाळेत काय सांगायचं, ऑफिसला कोण कळवणार. आणि पहिली तपासणी महिन्याने नाही, आठवड्याच्या आत.

हा शेवटचा मुद्दा हट्टाने मागून घ्या. मानसोपचार वॉर्डातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात, असं निरनिराळ्या देशांत दिसून आलेलं आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तर सुट्टीनंतर ७२ तासांत रुग्णाची गाठ घ्यावी असं मानक २०२० पासून आहे. आपल्याकडे ती गाठ आपणच ठरवून ठेवावी लागते.

त्याच दिवशी मागून घ्यायचे कागद: डिस्चार्ज समरी, इनडोअर केस पेपरच्या प्रती, शिक्क्यासह बिलं, पाच-सहा आठवडे पुरेल अशी औषधांची चिठ्ठी आणि केंद्राचा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे, त्यामुळे ‘ते आतले कागद आहेत’ असं कुणी म्हटलं तर लेखी अर्ज द्यायचा. नंतर मागायला गेलं की ज्यांची सही हवी ते नेमके रजेवर असतात.

घरी आल्यावरचा पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यापासून अवघड झालं.

घंटा नव्हती. सकाळी उठायला काही कारण नव्हतं आणि रात्रीच्या गोळ्यांची गुंगी दहा-अकरापर्यंत उतरत नव्हती. त्यात घर माझ्यावर डोळे लावून बसलेलं. सासूबाई म्हणायच्या, “बाथरूमची कडी लावू नकोस हं, नुसतं दार लोट.” आणि मी आत असेपर्यंत बाहेर काहीतरी निवडत बसायच्या. नवरा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजायचा, मी बघत नाही असं समजून. मुलाला ‘आईला त्रास देऊ नकोस’ असं इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की तो माझ्याकडे वहीसुद्धा आणत नव्हता. सर्वांत जास्त लागायचं ते वेगळंच. मी टीव्हीवर काही बघून मोठ्याने हसले की दोघं एकमेकांकडे बघायचे. बायपोलरवाल्याचं हसणंही तपासलं जातं. रडलं तर डिप्रेशन, हसलं तर मॅनिया. मग माणूस चेहरा सपाट ठेवायला शिकतो, आणि तो सपाट चेहरा बघून डॉक्टर विचारतात की मूड कसा आहे.

त्यांची बाजूही खरी होती. जूनमध्ये त्यांनी जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही तिघं ताईंकडे गेलो. त्यांनी लंडनमधल्या एका जुन्या संशोधनाची गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हॉस्पिटलमधून सुटलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडील किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. पुढे त्यातूनच घरातली टीका, तुसडेपणा आणि अतिकाळजी मोजायची पद्धत तयार झाली. १९७६ च्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा वातावरणात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर राहणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना धोका सर्वाधिक होता. नंतर बायपोलर आणि नैराश्यातही असाच संबंध आढळला. सासूबाईंचा चेहरा पडला. ताईंनी लगेच पुढचंही सांगितलं: १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये हेच मोजमाप केलं तेव्हा तिथल्या कुटुंबांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. “म्हणजे आपल्या घरांना जमतं, आजी. फक्त काळजीचे तास थोडे कमी करू.”

तास कमी करणं, हे आम्हाला पटलं. स्वभाव बदला असं सांगितलं असतं तर भांडणं झाली असती. सासूबाईंची संध्याकाळची फेरी माझ्यामुळे बंद पडली होती, ती पुन्हा सुरू झाली. मी सकाळी दहा ते एक वाचनालयात जाऊन बसायला लागले. वाचता येत नव्हतंच, एका परिच्छेदावर नजर फिरत राहायची. पण घराबाहेर, कपडे नीट घालून, ठरल्या वेळी. बाथरूमच्या कडीचा प्रश्न असा सुटला की मी कडी लावायची आणि दहा मिनिटांनी त्यांनी एकदाच हाक मारायची. ते दहा मिनिटांचं खासगीपण मला कोणत्याही समुपदेशनाइतकंच उपयोगी पडलं, असं आज वाटतं.

गोळ्यांचं हस्तांतर सर्वांत हळू झालं आणि ते योग्यच होतं. सुरुवातीला घरात एका आठवड्यापुरतीच औषधं असायची, बाकीची माझ्या भावाकडे. हे मला न सांगता केलं असतं तर अपमान वाटला असता. बैठकीत माझ्यासमोर ठरलं होतं म्हणून उलट बरं वाटलं. नवरा सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेला डबा भरायचा आणि हातात द्यायचा, पण तोंड उघडून दाखवणं पहिल्या दिवसापासून बंद. नाताळच्या सुट्टीपासून डबा मी भरायला लागले आणि तो रविवारी एकदा नजर टाकायचा. उन्हाळ्यात ते रविवारचंही थांबलं. एकदा डब्यात मंगळवारची रात्र तशीच राहिलेली त्याला दिसली. तो काही बोलला नाही, डबा फक्त माझ्यापुढे सरकवला. त्या सरकवण्याबद्दल मी त्याची अजून आभारी आहे.

माझी मुख्य गोळी लिथियम, मूड स्थिर ठेवणारी. ती घेणाऱ्यांसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी. रक्तातली पातळी बघायची तर रक्त शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. लॅबमध्ये फोन केला की ‘कधीही या’ असं सांगतात, ते ऐकायचं नाही. सोबत किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या ठरावीक काळाने होतात. जुलाब-उलट्या, उन्हातला घाम, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी पातळी वाढू शकते. म्हणून पाठ दुखली तरी मेडिकलमधून स्वतःहून काही आणायचं नाही. दुसरी गोळी ओलान्झपिन होती. तिने भूक अशी लागायची की कपाटातले एकूणएक कपडे घट्ट झाले. वजन वाढतं म्हणून गोळी मनानेच सोडणारे आमच्या स्वमदत गटात पुष्कळ भेटले. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितलं की पर्याय निघतात. माझा डोस टप्प्याने कमी केला आणि साखर-कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवलं.

लिथियमने माझे हात थोडे थरथरतात. त्याचा परिणाम मला वाटला त्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी झाला: सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. शाखेत जाऊन नवीन नमुना सही द्यावी लागली. काउंटरवरच्या बाईंना कारण सांगायचं का यावर मी रांगेत उभी राहून विचार करत होते. त्यांनी विचारलंच नाही.

डिसेंबर वाईट गेला. कारण असं काही नव्हतं. कर्जाचे हप्ते, मॅनियात ऑनलाइन केलेल्या खरेदीची यादी, शाळेच्या स्नेहसंमेलनात ओळखीच्यांनी चुकवलेल्या नजरा, सगळं एकत्र आलं. मरण बरं असं वाटण्यापर्यंत मी गेले. ठरल्याप्रमाणे पहिला फोन नवऱ्याला. तो रेल्वेत होता, लागला नाही. मग १४४१६ ला केला. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. फोनवरच्या मुलीने उपदेश केला नाही. घरात आत्ता कोण आहे, त्यांना शेजारी बसायला बोलवाल का, असं विचारलं. मी सासूबाईंना हाक मारली. त्या येऊन बसल्या, काहीही न विचारता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदललं. हा नंबर आता फ्रिजवर आहे आणि मुलालाही पाठ आहे.

जानेवारीत विम्याचं प्रकरण निकाली निघालं, अर्धवट. नवऱ्याच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता. कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावं लागतं, आणि विमा नियामक आयआरडीएआयने तसं परिपत्रक १६ ऑगस्ट २०१८ ला काढलेलं आहे. हॉस्पिटलमधल्या दिवसांचे पैसे त्यामुळे फार खळखळ न करता आले. पुनर्वसन केंद्राचे नाकारले: पॉलिसीतल्या ‘रुग्णालय’ या व्याख्येत केंद्र बसत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहिलं, तेच उत्तर आलं. त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येतं, फी नसते, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत तक्रार करायची. आम्ही व्याख्येचा मजकूर पुन्हा वाचला आणि ते करायचं नाही असं ठरवलं. तेव्हा लढायला अंगात बळ नव्हतं. केंद्र निवडण्याआधीच विमा कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घेणं हाच त्यातला उपाय. सगळे पैसे मिळतील असं गृहीत धरून केंद्रात राहण्याची मुदत ठरवू नका.

आता ऑफिस. मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे, त्यामुळे हे सगळं त्या चौकटीतलं. भरतीच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने वैद्यकीय प्रमाणपत्रासह रजेचा अर्ज नेऊन दिला होता आणि आवक क्रमांक टाकून पोच घेतली होती. ती पोच सोन्याच्या मोलाची ठरली, कारण मध्ये आस्थापना शाखेतला कारकून बदलला आणि ‘विनापरवानगी गैरहजर’ असा शेरा पडण्याच्या बेतात होता. अर्जित रजा संपली. अर्धवेतनी रजा सेवेच्या दर वर्षाला वीस दिवस साठते. वैद्यकीय कारणावर तीच परिवर्तित रजा म्हणून पूर्ण पगारी घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. तीही संपल्यावर असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. नोव्हेंबरपासून घरात माझा पगार शून्य होता. पैशाची ही चिंता लवकर रुजू व्हायला ढकलत होती. मला वाटतं मी आणखी महिनाभर थांबायला हवं होतं, पण परवडत नव्हतं. बरं होण्यात अडथळा कशाचा, असं कुणी विचारलं तर मी समाजाच्या दृष्टिकोनाआधी पगाराचं नाव घेईन.

रुजू होण्यासाठी फिटनेस प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून आणायला सांगितलं. तिथे वैद्यकीय मंडळ बसायचा वार ठरलेला. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा फाइलवर संदर्भपत्र नव्हतं, असे जानेवारीचे दोन आठवडे गेले. जाताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र न्या. त्यात आजाराचं नाव किती लिहायचं हे त्यांच्याशी आधी बोला: कार्यालयाला हवं असतं ते ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढंच. माझ्या डॉक्टरांनी ‘काही आठवडे हलके काम द्यावे’ हे एक वाक्य जोडलं. तेवढ्या वाक्यावर साहेबांनी मला रोखीच्या टेबलावरून आवक-जावकला बसवलं. सेवेत असताना आलेल्या अपंगत्वामुळे सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, हे दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) मध्ये आहे. मला ते वापरावं लागलं नाही, पण बॅगेत त्याची प्रत होती. खासगी नोकरीत हे कलम लागू नाही, आणि गटातल्या दोघांची नोकरी ते आत असतानाच गेली होती.

अर्धवेळ रुजू होण्याची सोय नियमांत नाही. ताईंनी युक्ती सुचवली: गुरुवारी रुजू हो. आम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे दोन दिवस काम की लगेच शनिवार-रविवार. १ फेब्रुवारी २०२४ ला गुरुवार होता. पहिल्या दिवशी आवक रजिस्टरमध्ये पत्रांचे क्रमांक लिहिताना हात थरथरत होता आणि दुपारी तीनला डोळे मिटत होते. लोक काय विचारतील याची भीती होती, त्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं: “मोठं आजारपण होतं, उपचार चालू आहेत, आता काम करू शकते.” बहुतेकांना एवढं पुरलं. एक वरिष्ठ सहकारी मात्र दर आठवड्याला विचारायचे, “मग, गोळ्या बंद झाल्या की नाही?” त्यांच्या मते गोळ्या बंद होणं म्हणजे बरं होणं. बीपीच्या गोळीबद्दल कुणी असं विचारत नाही, असं मी एकदा म्हटलं. ते स्वतः बीपीची गोळी घेतात. त्यांनी विषय बदलला.

उन्हाळ्यात दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला. करावा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व आकलन, आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. त्यात आजाराचा काळ मिळवतात. समोर बसून ‘स्वतःहून अंघोळ करता का’, ‘घरातल्यांशी बोलता का’ अशी उत्तरं द्यायची. गंमत अशी की सहा महिने मी जे जे मिळवलं होतं ते ते तिथे माझ्या विरोधात जात होतं. वाईट दिवस सांगावेत की आजचा दिवस? मी दोन्ही सांगितले. ४० टक्क्यांपेक्षा कमी आलं, आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. गटातल्या एका मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला ४० च्या वर मिळालं, आणि त्याला ते खरोखर लागतं. तुम्ही गेलात तर भरतीचे, नोकरीतल्या खंडाचे कागद तारखांच्या क्रमाने लावून न्या. तुमच्याबरोबर राहणारं कुणीतरी सोबत असू द्या, त्यांनाही विचारतात.

गटाचा उल्लेख मघापासून येतोय. महिन्यातून एकदा आजार असलेले आणि सांभाळणारे असे आम्ही जमतो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात आयपीएच यांच्याकडे असे स्वमदत गट बरीच वर्षं चालत आले आहेत. आमचा त्यामानाने लहान. तिथे मला मिळालं ते कुणाच्या भाषणातून नाही. एक काका दर वेळी पहिल्यांदा झोपेचे तास विचारतात, “कशी आहेस” नंतर. त्यांच्याकडून मी झोपेची वही शिकले: झोपले कधी, उठले कधी, बस्स. माझा मॅनिया झोपेतून सुरू होतो. कमी झोपूनही ताजंतवानं वाटणं ही माझी पहिली खूण, दुसरी म्हणजे एकाच वेळी चार जणांना लांबलचक मेसेज. या खुणा मी, नवरा आणि डॉक्टर यांनी एका पानावर लिहून सह्या केल्या आहेत. पुढे कधी भरतीची वेळ आलीच तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत याचं आगाऊ निवेदनही कायद्याच्या कलम ५ खाली करता येतं. नामनिर्देशित प्रतिनिधी तर साध्या कागदावर लिहून सही करूनही नेमता येतो. तो मी शुद्धीत असताना, माझ्या मनाने नेमला: पुन्हा नवराच, पण या वेळी त्याला विचारून.

जुलै २०२५ मध्ये ते पान कामाला आलं. ऑफिसात मार्चअखेरच्या हिशेबांची तपासणी लांबली होती. दोन रात्री मी साडेतीन-चार तास झोपले आणि सकाळी अंगात भरपूर उत्साह. वहीतले आकडे मीच नवऱ्याला दाखवले. त्याने वाद घातला नाही, मीही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, रात्रीचा डोस वाढवला, आठवडाभर किरकोळ रजा आणि जोडून सुट्ट्या, संध्याकाळी आठनंतर फोन नवऱ्याकडे. चौथ्या रात्री झोप जागेवर आली. भरती टळली. सासूबाई त्या आठवड्यात एकदाही बाथरूमबाहेर बसल्या नाहीत.

एटीएम कार्ड, नेट बँकिंग हे सगळं मला केव्हाच परत मिळालं आहे. दिवसाच्या ऑनलाइन खर्चाची मर्यादा मात्र मीच बँकेच्या ॲपमधून दोन हजारांवर आणून ठेवली आहे. मॅनियात पहिली झळ तिथेच बसते. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. घरच्यांनी कार्ड काढून घेण्याआधी एकदा तिथे बघा.